एकच साइन वक्र पुरत नाही
हा अभिप्राय ज्या लेखावर आहे, त्यात वाळवंटी शहराच्या दिवसभराच्या तापमानाला एकच साइन वक्र, म्हणजे चढ-उताराला सारखाच वेळ घेणारी लाटेसारखी रेषा, बसवलाय. पण पारा तळाला जातो सूर्योदयाच्या सुमारास आणि चढत राहतो दुपारी तीन-चारपर्यंत. म्हणजे चढायला दहाएक तास, उतरायला चौदा. म्हणूनच पार्टन आणि लोगन या संशोधकांनी १९८१ मध्ये दिवसाला साइन, रात्रीला घातांकी घट (आधी वेगाने, मग मंदावत जाणारी) अशी जोड दिली. ती वापरून बघाच. शहरासाठी रात्रीच्या घटीचा वेग मात्र वेगळा धरा. डांबर-काँक्रीट दिवसभर प्यायलेली उष्णता रात्रभर सोडत राहतं. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरात २०२३ च्या जुलैत सलग १६ रात्री पारा ३२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलाच नाही! अशा रात्रींत शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे किमान तापमानातली दोन अंशांची चूक मला कमाल तापमानातल्या चुकीपेक्षा जास्त खुपते.