काळ्या मातीतला कांदा आणि २ रुपयांची पट्टी

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज काउंटीत हिमयुगातील सरोवराच्या तळाची काळीभोर जमीन आहे आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या कांदा पिकतो. दर शनिवारी मी ज्या मोफत अन्नवाटप केंद्रात मदतीला जाते, तिथे हा कांदा जाळीच्या पिशव्यांतून येतो. निवडताना मुळांची काळी माती नखांत शिरते आणि मला येवल्याजवळची आमची कांदा साठवायची चाळ आठवते.

हा कांदा दान म्हणून आलेला नसतो, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. २०२०च्या एप्रिलमध्ये शाळा आणि हॉटेले बंद पडली तेव्हा इथल्या गोठ्यांतून दूध अक्षरशः ओतून दिले जात होते आणि त्याच आठवड्यांत फूड बँकांपुढच्या, म्हणजे गरजूंना मोफत अन्न पुरवणाऱ्या संस्थांपुढच्या, रांगा वाढत होत्या. राज्य सरकारने फूड बँकांना राज्यातल्याच शेतकऱ्यांकडून खरेदी करण्यासाठी पैसे दिले. ‘नरिश न्यूयॉर्क’ नावाच्या या योजनेचे २०२१मध्ये कायद्यात रूपांतर झाले. अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही अशीच एक योजना आणली होती, पण मार्च २०२५मध्ये कृषी खात्याने तिचा पुढचा टप्पा रद्द केला आणि त्या खरेदीच्या भरवशावर हंगामाची आखणी केलेले छोटे शेतकरी उघड्यावर पडले. राज्याच्या कायद्यालाही दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद लागते, हे खरे. तरीही तो आज उभा आहे.

गावाकडे फोन केला की वेगळाच वाद ऐकू येतो. एक चुलतभाऊ म्हणतो, फुकट धान्यामुळे मजूर मिळत नाहीत. दुसरा म्हणतो, आधी आम्हाला भाव द्या, गरिबांचे नंतर बघू. दोघांचीही तळमळ मला कळते. कांद्याला हमीभावच नाही, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती ५१२ किलो कांदा विकून पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, हमाली-तोलाई वजा जाता २ रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी मी इथे स्वयंपाकघरात उभ्याने वाचली होती. नाफेड ही सरकारसाठी शेतमाल खरेदी करणारी सहकारी संस्था कांदा घेते, पण शहरातले भाव आवरण्याच्या साठ्यासाठी. उपाशी माणसाच्या ताटाशी त्या खरेदीचा संबंध नाही. मला वाटते, शेतकरी आणि रेशनकार्डधारक यांना समोरासमोर उभे करणारी ही मांडणीच चुकीची आहे.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्येही आहेत, आणि शेजारचा कर्नाटक रेशनवर ज्वारी आणि नाचणी देतो. भाकरी खाणाऱ्या मराठवाड्याच्या रेशनवर मात्र प्रामुख्याने गहू आणि तांदूळच येतो. कांदा नाशवंत, तो रेशन दुकानात टिकणार नाही. पण शाळेच्या खिचडीत आणि अंगणवाडीच्या आहारात तो रोज लागतो. ब्राझीलने २००९मध्ये कायदाच केला की, शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम कौटुंबिक शेती करणाऱ्यांकडून खरेदीवर खर्च व्हावी. आपल्याकडे ही खरेदी तालुक्याच्या पातळीवर, वेळेवर पैसे देऊन का होऊ नये? उन्हाळ कांद्याचे रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतात. माझ्या भावाला बी विकत घेण्याआधी कळायला हवे की, तालुक्यातल्या शाळा उन्हाळ्यात त्याचा किती क्विंटल कांदा, कोणत्या दराने उचलणार आहेत.