1 जूनचे पाटील

बेळगावात माणसाची पत कळायला पूर्वी रिपोर्ट लागत नसे. खडे बाजारातला कापडवाला "असू दे की, नंतर द्या" म्हणाला की पत आहे, आणि "अजून बोहनी व्हायची हाय बघा" म्हणाला की नाही. आमच्या आईबापांचे संसार एवढ्या दोन वाक्यांवर झाले. आता तेच काम चार कंपन्या करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांच्यासाठी 2005 साली वेगळा कायदासुद्धा झाला. पण आमच्या वडगावात या चौघींना मिळून एकच नाव आहे, सिबिल. कुणाचं सिबिल कमी असतं, कुणाचं बिघडलेलं असतं, आणि एकाचं तर "उडालंय" असं मी पिठाच्या गिरणीत ऐकलं. मध्यंतरी अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात नवऱ्या मुलाचं सिबिल बघून सोयरीक मोडल्याची बातमी आली, तेव्हापासून गल्लीतल्या वरमाया पत्रिकेपेक्षा याच्याबद्दल जास्त विचारतात.

माझ्यावर ही पाळी आली घरावर स्लॅब टाकायच्या निमित्तानं. बँकेतल्या साहेबांनी काँप्युटरात बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सर, निम्म सिबिल कम्मी ऐतरी." (तुमचं सिबिल कमी आहे.) मग माझा चेहरा बघून मराठीत, "एकदा रिपोर्ट काढून बघा की तुम्ही." साहेब गदगकडचे. नाही म्हणायचं ते कन्नडमध्ये आणि समजूत काढायची ती मराठीत, अशी त्यांनी कामाची वाटणी केलेली आहे. दोन्ही भाषांत कर्ज मात्र मिळालं नाही.

आता मी हायस्कुलातला कारकून. (सर म्हणतात ते शाळेत असतो म्हणून, शिकवलेलं काही नाही.) हप्ता एक दिवस उशिरा भरायचा म्हटलं तरी मला रात्री झोप लागत नाही. त्यामुळं "कम्मी" हा शब्द घेऊन मी घरी आलो तो नापास पोरासारखा, मागच्या दारानं.

सिबिलचे हे गुण 300 ते 900 च्या दरम्यान असतात. म्हणजे नुसतं वर्गात येऊन बसल्याचे 300 आधीच मिळतात. आमच्या शाळेत ही सोय असती तर निकाल कधीच 100 टक्के लागला असता. गंमत अशी, की ज्यानं जन्मात कर्जच काढलं नाही त्याला हे 300 सुद्धा नाहीत. आमच्या आप्पांनी कुणाचा एक रुपया ठेवून घेतला नाही, आणि त्यांच्या खात्यावर "इतिहास नाही" असा शेरा. पूर्वी अशा माणसांपुढं उणे एक लिहून येत असे. पिग्मी रोज भरता, भिशी कधी चुकवली नाही, वाण्याची वही महिन्याच्या महिन्याला फेडता, सोसायटीत ठेव आहे, यातलं काहीच तिथं दिसत नाही. तिथं फक्त घेतलेलं कर्ज आणि ते कसं फेडलंत एवढंच दिसतं. आप्पांना हे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मी काढू काय एक कर्ज, इतिहासासाठी?"

रिझर्व्ह बँकेनं 2017 पासून नियम केलाय, की या प्रत्येक कंपनीनं माणसाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा. देतातही. फक्त साइट उघडली की महिन्याच्या आणि वर्षाच्या प्लॅनची बटणं लग्नाच्या बॅनरएवढी, आणि "फुकट" हा शब्द कुठंतरी कोपऱ्यात, राखाडी रंगात, नाक खाली घालून बसलेला. तो लेकीनं शोधून काढला. एवढ्यात मेव्हण्याचा फोन. "दाजी, बघू नका हं! बघितलं की सिबिल कमी होतं!" तसं काही नसतं. आपला रिपोर्ट आपण बघितल्यानं गुण कमी होत नाहीत. कर्ज मागायला गेल्यावर बँक बघते त्याची मात्र नोंद राहते, आणि दहा ठिकाणी अर्ज टाकले तर ते दिसायचं तसं दिसतं. हे सगळं मी मेव्हण्याला ठणकावून सांगितलं, आणि मग एक डोळा मिटून बटण दाबलं.

ओटीपी आला तेव्हा मोबाइल बायकोच्या हातात, मी आतल्या खोलीत काँप्युटरपुढं, आणि मधल्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे पॉवरलूम चालू. वडगावात माग सुरू असताना "सात" आणि "आठ" एकसारखेच ऐकू येतात. शेवटी शेजारच्या काकांनी माग थांबवून विचारलं, "सर, कितीवा आकडा अडलाय?" गल्लीला माझा ओटीपी कळला, साइटला कळेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा मागवला.

मग साइटनं माझी तोंडी परीक्षा घेतली. मीच मी आहे की नाही हे ठरवायला म्हणे. खालीलपैकी कुठल्या बँकेत तुमचं कार्ड होतं? बरोबर. फ्रिजसाठी कर्ज कुठल्या साली घेतलंत? तेही बरोबर, पावती जपून ठेवलीय मी. मग तिसरा प्रश्न: खालीलपैकी कुठल्या फायनान्सकडून तुम्ही ट्रॅक्टर घेतलात?

ट्रॅक्टर?

माझ्याकडं पाय ठेवायला अंगण नाही. पावसाळ्यात सायकल जिन्याखाली उभी करतो. चार फायनान्सची नावं आणि खाली "यापैकी नाही". मी खरं ते दाबलं, आणि पडद्यावर आलं: तुमची ओळख पटू शकली नाही. यातली मेख मला नंतर कळली. त्यांच्या फायलीत ट्रॅक्टर माझा होता, म्हणून खरं बोलणारा मी खोटा ठरलो. थाप मारली असती तर मी मीच निघालो असतो.

मग आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा पाठवा. हेस्कॉमचं लाइटबिल पाठवावं तर ते अजून आजोबांच्या नावावर. आजोबा 1980 च्या सुमारास गेले, पण त्यांचं बिल एकदाही थकलेलं नाही. शेवटी कागदांची जुळवाजुळव झाली आणि रिपोर्ट आला.

वाचायला मजेशीर असतो तो. माझ्या नावाची इंग्रजीतली जेवढी स्पेलिंग कारकुनांच्या हातून झाली तेवढी सगळी ओळीनं मांडलेली. पत्तेही दोन. मी जन्मापासून एकाच घरात राहतो. पण 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव सरकारी कागदावर बदललं आणि रिपोर्टात मी सामानसुमानासह एका गावाहून दुसऱ्या गावाला गेलो.

पुढं कर्जांची पानं. प्रत्येक कर्जाखाली महिन्या-महिन्याचे चौकोन, आणि त्यात हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहिलेलं. माझ्या फ्रिजखाली 000, 000, 000. आई चष्मा लावून बघत होती. "अरे, सगळीकडं भोपळेच? एवढा वाईट होतास व्हय तू?" मी म्हटलं, इथं शून्य चांगलं, शून्य म्हणजे वेळेवर. तिचा विश्वास बसेना. तिनं पान उलटलं, तिथं ट्रॅक्टर, आणि त्याखाली 63, 94, 124. "हे बघ की, ह्यात किती चांगले मार्क पडलेत!" बायको काही बोलली नाही. रात्री भाजी निवडता निवडता फक्त एवढं विचारलं, "अहो, तुम्हाला ट्रॅक्टर चालवता येतो?"

तक्रार केली. नियम असा, की कंपनीनं आणि कर्ज देणाऱ्यानं मिळून 30 दिवसांत निकाल लावायचा, नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तक्रार करणाऱ्याला 100 रुपये. एप्रिल 2024 पासून हे लागू आहे. हे कळल्यावर घरात एक वेगळीच शांतता पसरली. उशीर व्हावा अशी प्रार्थना करणारं कर्जदाराचं घर तुम्ही बघितलं नसेल. पण मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी उत्तर आलं: संबंधित फायनान्सनं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. म्हणजे चुकीबद्दल विचारलं कुणाला, तर ज्यानं केली त्याला. रिपोर्टवाले स्वतःच्या मनानं त्यात काना-मात्राही बदलत नाहीत. फायनान्स "हो" म्हणेल तेव्हाच बदल.

गुंता सोडवला तो आमच्या पिग्मीवाल्यानं. संध्याकाळी तो मशीन काखेत धरून दारात आला, मी त्याच्यापुढं रिपोर्ट धरला. त्यानं एकदा नाव वाचलं आणि म्हणाला, "अहो सर, हे खानापूर तालुक्यातलं पाटील. माझ्या सासुरवाडीतलं. ट्रॅक्टर लाल हाय बघा." माझं नाव इथं लिहीत नाही, एवढंच सांगतो, की आमच्या यात्रेत ते मोठ्यानं हाकारलं तर अर्धी पंगत उठून उभी राहते. त्या पाटलांचं नाव तेच, वडिलांचं तेच. पण जन्मतारीख? तीही तीच, 1 जून, साल सुद्धा तेच. इथं मात्र मला आश्चर्य वाटलं नाही. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. जुन्या पानांवर जन्मतारखेचा रकाना वरून खाली बघत या: 1 जून, 1 जून, 1 जून. आई म्हणायची "थोरल्या पुराच्या वर्षी झाला", गुरुजी लिहायचे 1 जून. शाळा जूनला सुरू व्हायची, हिशेब सोपा. त्या काळात आमच्या भागात 2 जूनला कुणी जन्मलंच नाही. गुरुजींना काय ठाऊक, की पन्नास वर्षांनी मुंबईतलं एक काँप्युटर या तारखेवरून माणसं जुळवणार आहे. ट्रॅक्टरचं कर्ज जुनं, त्यात पॅन नंबरच नव्हता, मग नाव आणि तारीख बघून ते माझ्या फायलीत येऊन बसलं.

एका रविवारी मी त्यांच्याकडं गेलो. पाटील अंगणातच होते. कारखान्याचं ऊसबिल अडकलं म्हणून हप्ते लांबले, पुढं व्याजासकट सगळे भरले, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी माझा रिपोर्ट काढला. तो बघून त्यांनी आतून त्यांचा आणला. दोघांची फाइल एकच! एवढ्यात त्यांच्या मंडळी चहा घेऊन बाहेर आल्या आणि मला नीट बघून म्हणाल्या, "फ्रिज तुमचा व्हय?"

त्यांच्या रिपोर्टात माझा फ्रिज होता. सोसायटीतल्या पोरानं तो त्यांच्यासमोर वाचून दाखवला होता. घरात फ्रिज नाही, आणि नवऱ्यानं फ्रिजचे हप्ते एकदाही न चुकवता फेडलेले, तेही बेळगावच्या पत्त्यावर. "ट्रॅक्टरचं थकवलं, आणि तिकडचं बरं वेळच्या वेळी भरलं," असं त्या बाईंनी ऐकवलं होतं. पाटील खाली मान घालून चहा पीत होते.

पुढचं काम लवकर झालं. दोघांनी आपापलं पॅन, आधार आणि दाखला घेऊन एकदमच फायनान्सच्या ऑफिसात जाऊन बसायचं ठरवलं. टेबलावरच्या पोरानं विचारलं, "पाटील कोण?" आम्ही दोघंही "मी" म्हणालो. त्यानं दोघांचे कागद बघितले, परत बघितले, आणि साहेबांना बोलवायला आत गेला. आता 2025 पासून बँकांना आणि फायनान्सना निदान पंधरवड्याला तरी माहिती पाठवावी लागते, त्यामुळं ट्रॅक्टर माझ्या पानावरून फार वाट बघायला न लावता गेला. बँकेतल्या साहेबांनी परत काँप्युटर बघितला आणि या खेपेला सुरुवातच मराठीत केली. स्लॅब मार्गी लागला.

तरी खानापूरच्या बाईंचं समाधान झालेलं नव्हतं. परवा बाजाराला म्हणून दोघं बेळगावला आली, ती थेट आमच्या दारात. पाणी घ्यायच्या आधी त्यांनी स्वैपाकघरात जाऊन फ्रिज बघितला. दार उघडलं, आतली दुधाची पिशवी आणि दोशाचं पीठ बघितलं, दार लावलं, बाजूनं बघितलं.

"एवढाच व्हय?" त्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या.

आमच्या हिनं कुंद्याची बशी त्यांच्यापुढं ठेवली, जवळ बसली, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "आता आम्हीपण येऊ की एकदा तुमच्याकडं. ट्रॅक्टर बघायला."