यादीतला अर्धविराम काढू नका: एका फिरत्या मेसेजला उत्तर

डीटीपी (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचं काम) करणारे, शिक्षक आणि आम्ही मुद्रितशोधक यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: अर्धविराम (;) हे इंग्रजीचं चिन्ह, मराठीला त्याची गरज नाही, यादी कितीही गुंतागुंतीची असली तरी स्वल्पविराम देत जावं आणि शेवटी ‘व’ किंवा ‘आणि’ लिहावं, वाचकाला संदर्भाने सगळं कळतं, अर्धविराम वापरायचाच तर तो ‘पण’, ‘परंतु’च्या आधी. मागच्या आठवड्यात एका तरुण ऑपरेटरने मी प्रुफावर घातलेले चार अर्धविराम काढून टाकले आणि कारण म्हणून हाच मेसेज मला पाठवला. त्याच्यावर माझा राग नाही. पण या मेसेजमुळे छापील मजकूर बिघडायला लागला आहे, म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देतो.

‘अर्धविराम परका आहे’

आला तो इंग्रजीतूनच, हे खरं. मोडी लिपीत दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत, आणि पोथ्यांमध्ये एक दंड (।) किंवा दोन दंड (॥) एवढ्यावर भागत असे. आज आपण देतो ती विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० सालची. पण त्याच गाठोड्यातून स्वल्पविराम आला, प्रश्नचिन्ह आलं आणि वाक्याच्या शेवटी आपण देतो तो टिंबाचा पूर्णविरामही आला. पावणेदोनशे वर्षांनंतर त्यातल्या एकालाच परका ठरवायचं, तर कारण दुसरं काहीतरी द्यावं लागेल.

अर्धविराम मागे का पडला, याचं एक कारण मला कळफलकात दिसतं. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात इंग्रजी अर्धविरामाच्या कळीवर ‘च’ आहे. मोबाइलवर अर्धविराम हवा असेल तर चिन्हांच्या पानावर जाऊन शोधावा लागतो. स्वल्पविराम तेवढा हाताशी असतो. बोट जिथे सहज पोचतं ते चिन्ह जास्त वापरलं जातं. त्याला भाषेचा स्वभाव म्हणता येणार नाही.

‘संदर्भाने कळतं’

काही वर्षांपूर्वी एका ट्रस्टच्या पत्रकाचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. त्यात ओळ होती:

मोफत नेत्रतपासणी शिबिरे : कणकवली, सिंधुदुर्ग, राजापूर, रत्नागिरी, महाड, रायगड.

ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं आणि मी ते पास केलं. शिबिरं तीन होती. पहिलं नाव तालुक्याचं, दुसरं जिल्ह्याचं, अशा तीन जोड्या. रत्नागिरी शहरात शिबिर नव्हतंच. पावसच्या एक आजी नातवाला रजा काढायला लावून रत्नागिरीत आल्या, भर उन्हात दोन शाळा आणि एक दवाखाना धुंडाळला, शेवटी पत्रकावरच्या नंबरला फोन केला. तेव्हा त्यांना कळलं की शिबिर राजापूरला आहे. पुढे ट्रस्टच्या कार्यकर्त्याने मला हे सांगितलं. आजींनी पत्रक अगदी बरोबर वाचलं होतं. रत्नागिरी हे शहराचंही नाव आहे, तालुक्याचंही आणि जिल्ह्याचंही. रायगड जिल्हाही आहे आणि किल्लाही. या ओळीत संदर्भ होता तो पत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यात. कागदावर तो उतरलाच नव्हता.

दोनच चिन्हं बदलायची होती:

कणकवली, सिंधुदुर्ग; राजापूर, रत्नागिरी; महाड, रायगड.

कुणी म्हणेल, ‘राजापूर (जि. रत्नागिरी)’ असं लिहा, प्रश्न मिटला. मान्य आहे. तेवढीच माहिती असेल तर मीसुद्धा कंसच करीन. पण प्रत्येक गावापुढे तारीख, वार, शाळेचं नाव आणि वेळ आली की कंस पुरत नाही. मग एका शिबिराची माहिती कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली, हे सांगायला अर्धविरामच लागतो.

आकड्यांचंही तसंच. आपण हजार आणि लाख स्वल्पविरामानेच तोडतो. स्मरणिकेत देणग्यांची ओळ ‘१,५००, २,२५०, ७५०’ अशी लागली आणि टाइपसेटिंगमध्ये मधली जागा आवळली गेली, की आकडा कुठला आणि यादी कुठली हे मोजत बसावं लागतं. ‘१,५००; २,२५०; ७५०’ असं लिहिलं की तो घोळ होत नाही.

‘मराठीच्या घडणीला त्याची गरज नाही’

माझा खरा वाद या मुद्द्याशी आहे, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. यादीत अर्धविरामाची गरज इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त आहे.

बालभारतीचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका असते. त्यातला हा भाग पाहा:

सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय; विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य; दर्जाची व संधीची समानता;

आता अर्धविरामांच्या जागी स्वल्पविराम ठेवून, मेसेजात सांगितल्याप्रमाणे, मोठ्याने वाचा:

सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय, विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य

‘न्याय, विचार, अभिव्यक्ती… यांचे स्वातंत्र्य’ असं झालं. न्याय हे नागरिकाला मिळणारं स्वतंत्र अभिवचन होतं, ते स्वातंत्र्यांच्या रांगेत जाऊन बसलं. एकही शब्द बदललेला नाही.

हे का होतं? मराठीत विशेषणं आणि षष्ठीची (‘चा, ची, चे’ लागलेली) पदं आधी येतात, मुख्य नाम शेवटी येतं. ‘यांचे’ हा शब्द आपल्या डावीकडचं सगळं गोळा करतो, आणि तो कुठपर्यंत गोळा करणार हे त्याच्यात कुठेही लिहिलेलं नसतं. वाट अडवायला काही नसेल तर तो मागच्या गटातही शिरतो. इंग्रजी उद्देशिकेत ‘जस्टिस’, ‘लिबर्टी’ हे शब्द आपापल्या गटाच्या सुरुवातीला येतात आणि तेही मोठ्या अक्षरांत, त्यामुळे नवा गट सुरू झाल्याचं वाचकाला लगेच दिसतं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत आणि आपलं मुख्य नाम शेवटी येतं. मग गट कुठे सुरू झाला हे मराठी वाचकाला सांगणार कोण? त्या अर्धविरामाशिवाय दुसरं काही नाही.

‘यांचे’, ‘येथील’, ‘यांसाठी’, ‘यांच्यासह’ हे सगळे शब्द असेच गोळा करणारे. अहवाल, निविदा, इतिवृत्त, शासकीय पत्रं त्यांनी भरलेली असतात. प्रूफ वाचताना यादीत असा शब्द दिसला की मी पेन्सिल थांबवतो आणि डावीकडे मागे जातो: याचा गट कुठून सुरू होतो? तिथे कुंपण आहे का?

‘अर्धविराम फक्त पण-परंतुच्या आधी’

‘ढग खूप गर्जत होते; पण पाऊस पडत नव्हता.’ शाळेत आपण सगळ्यांनी हे वाक्य वाचलं. तो अर्धविरामाचा एक उपयोग झाला. तेवढाच उपयोग आहे असं त्यावरून ठरत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या आणि १९७२च्या मिळून १८ लेखननियमांत विरामचिन्हांसाठी एकही नियम नाही, त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ असं म्हणायलाही आधार नाही.

‘शेवटी आणि लिहिलं की झालं’

इथे अमेरिकेतला एक खटला सांगतो. मेन या राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांची यादी होती: डबाबंद करणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं वगैरे, आणि शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी’ असाही अर्थ निघेल आणि ‘पाठवणीसाठी बांधणी, किंवा वितरण’ असाही निघेल अशी शब्दरचना. मध्ये स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचं म्हणणं, आम्ही वितरण करतो, बांधणी करत नाही, म्हणून आम्हाला ओव्हरटाइम मिळायला हवा. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला, २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाच्या निकालानंतर कायदेमंडळाने ती यादी नव्याने लिहिली तेव्हा तिथे एक स्वल्पविराम वाढवून ते थांबले नाहीत. कामाकामांमध्ये अर्धविराम घातले. ‘किंवा’, ‘आणि’ हे जोडणारे शब्द आहेत. कोणाला कोणाशी जोडायचं, याची हद्द त्यांच्या आधी आखावी लागते.

मराठीतही ‘कर्जत, खालापूर व पनवेल आणि वसई व पालघर’ अशी ओळ मी नेहमी पाहतो. ‘व’ आतल्या जोडीसाठी आणि ‘आणि’ बाहेरच्या जोडीसाठी, ही चांगली जुनी युक्ती आहे आणि दोन गट असतील तर ती पुरते. तिसरा गट आला की जोडायला शब्द उरत नाहीत.

आता मेसेजाच्या बाजूचंही सांगायला हवं. साध्या यादीत अर्धविराम देऊ नये. ‘कांदे, बटाटे, टोमॅटो व मिरच्या’ यात तो घातला तर वाचक विनाकारण अडखळतो. एखाद्या घटकाच्या पोटात स्वल्पविराम आला, तरच बाहेर अर्धविराम द्यायचा. आणि एकदा दिला की त्या यादीतल्या सगळ्या घटकांमध्ये द्यायचा, अर्ध्यातून सोडायचा नाही. यादी पाच-सहा ओळींची झाली तर क्रमांक घालून एकाखाली एक लिहावी.

त्या ऑपरेटरला मी त्याच्याच मुलीच्या पुस्तकातली उद्देशिका दाखवली. त्याने ती दोन्ही प्रकारांनी वाचली आणि चारपैकी तीन अर्धविराम जागच्या जागी परत घातले. चौथा त्याने घातला नाही. मी पुन्हा पाहिलं: त्या ओळीत चार गावांची साधी नावं होती, आत एकही स्वल्पविराम नव्हता. ती दुरुस्ती त्याची बरोबर होती, आणि तशीच छापायला गेली.