आइन्झ चांगला बॉस आहे का? भाच्याशी चाललेला एक वाद

"मावशी, असा बॉस मिळाला ना, तर मी जन्मभर एकाच कंपनीत राहीन."

गेल्या गणपतीत माझा भाचा हे म्हणाला आणि तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. तो ज्याच्याबद्दल बोलत होता तो बॉस म्हणजे 'ओव्हरलॉर्ड' या जपानी लाइट नॉव्हेल (तरुण वाचकांसाठीच्या सचित्र कादंबऱ्यांच्या) मालिकेचा नायक, आइन्झ ऊल गाऊन. अंगावर मांस नसलेला, डोळ्यांच्या खोबणीत लाल ठिणग्या असलेला सांगाडा. भाचा २०१५ च्या अ‍ॅनिमेमुळे या कथेकडे वळला आणि मी त्याच्या हट्टामुळे. पण मी पुस्तकं वाचली, इंग्रजी भाषांतरातून, आणि आता माझंही या मालिकेवर त्याच्याइतकंच प्रेम आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांना वाचायचीय त्यांनी इथंच थांबा, पुढे बरंच काही फोडणार आहे.

कुगाने मारुयामा यांनी ही कथा २०१० मध्ये ऑनलाइन लिहायला सुरुवात केली, २०१२ मध्ये पहिला खंड छापून आला आणि २०२२ पर्यंत सोळा खंड झाले. सो-बिन यांची चित्रं आहेत, काळीकुट्ट आणि फार देखणी. सन २१३८. सातोरू सुझुकी हा एक साधा पगारदार माणूस. आईवडील नाहीत, मित्र नाहीत, घरी वाट बघणारं कुणी नाही. बारा वर्षं चाललेला 'इग्ड्रासिल' हा ऑनलाइन खेळ आज रात्री बारा वाजता कायमचा बंद होणार, आणि हा शेवटच्या क्षणापर्यंत आत बसून राहतो. बारा वाजून जातात, खेळ बंद पडत नाही. तो खेळातल्या आपल्या सांगाड्याच्या रूपातच एका दुसऱ्या जगात जाऊन पडतो (हाच आपला आइन्झ), सोबत नाझारिक नावाचं भलंमोठं भुयारी थडगं आणि तिथले सगळे सेवक. ते आता जिवंत झालेत आणि याला देव मानतात.

खेळात ज्याला हरवायला महिनोन् महिने घालवायचे असा शेवटचा बॉस इथे नायक आहे, आणि तो ऑफिसातल्या अर्थानंही बॉस आहे. सगळी गंमत, सगळी भीती या एका शब्दाच्या दोन अर्थांत आहे.

वाचकांत तट पडलेत ते याच्यावरूनच. सातव्या खंडात पुस्तक मिटून ठेवणारे बरेच आहेत आणि मी त्यांना मुळीच दोष देणार नाही. त्या खंडात पैशांसाठी जोखमीची कामं घेणाऱ्या टोळ्या नाझारिकमध्ये शिरतात. त्यांतली आर्चे ही कोवळी पोर. घरची सरदारकी गेलेली, तरी आईबापांची उधळपट्टी थांबत नाही. धाकट्या जुळ्या बहिणींना त्या घरातून बाहेर काढायचं म्हणून ती हे काम घेते. तिचं काय होतं ते लिहवत नाही. आणि या लोकांना आत ओढायचा बेत नाझारिकचाच होता! बहिणी वाट बघत असतील, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. मी महिनाभर पुढचा खंड उघडला नाही.

नवव्या खंडात तर आइन्झ एका मंत्रात सत्तर हजार सैनिक मारतो. इथे काही वाचक म्हणतात, लेखकाला क्रौर्याची चटक लागलीय. मला हे पटत नाही. चटक लागलेला लेखक मरणाऱ्यांना चेहरे देत बसत नाही. चौथा खंड उघडून बघा, बहुतेक कथा लिझर्डमॅन लोकांच्या बाजूनं सांगितलीय: त्यांची भांडणं, एका सरड्यासारख्या प्राण्याचं दुसरीवर जडलेलं प्रेम, लढाईच्या आदली रात्र. आपण त्यांच्यात गुंततो आणि मग लक्षात येतं, यांच्यावर चालून येणारं सैन्य आपल्या नायकाचं आहे. बॉस ज्यांच्या दृष्टीनं दुःस्वप्न आहे त्यांच्या डोळ्यांतून त्याला दाखवणं, हे मी दुसरीकडे इतक्या चिकाटीनं केलेलं वाचलेलं नाही. दोष आहेतच. वर्णनं लांबतात, अल्बेडो या त्याच्या मुख्य सेविकेचं आइन्झमागे वेडं होणं तेच तेच होऊन कंटाळा आणतं. ते असो.

माझा भाचा तिसऱ्या तटातला. हा तट मोठा आहे आणि त्याच्याशीच माझं भांडण आहे. यांचं म्हणणं, बाहेरच्यांसाठी तो राक्षस असेल, पण हाताखालच्यांसाठी आइन्झ आदर्श बॉस आहे. ओरडत नाही. कौतुक करतो. नाझारिकची 'ब्लॅक कंपनी' होऊ नये म्हणून सेवकांना सुट्टी घ्या म्हणून मागे लागतो, आणि सेवक मात्र सुट्टी म्हणजे शिक्षा समजून रडकुंडीला येतात. जपानमध्ये माणसाला पिळून काढणाऱ्या कंपनीला 'बुराक्कु किग्यो', म्हणजे ब्लॅक कंपनी, म्हणतात. २०१३ मध्ये त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत हा शब्द होता. अतिकामानं येणाऱ्या मरणाला तिथे 'करोशी' हा वेगळा शब्द आहे आणि ते रोखण्यासाठी २०१४ मध्ये कायदा करावा लागला. अशा देशात, अशा वर्षांत वाचल्या गेलेल्या कथेतला बॉस सुट्टी घ्या म्हणतो, तेव्हा वाचकाला तो आपला का वाटतो हे मला कळतं. आम्हा आयटीवाल्यांना तर फारच कळतं.

भाच्याचा हुकमी पत्ता म्हणजे कोसायटस, आइन्झच्या सेवकांतला एक योद्धा. लिझर्डमॅनशी पहिली लढाई तो हरतो. आइन्झ त्याला संपवत नाही, उलट हरण्यातून तो काही शिकला का हे बघतो. कोसायटस धीर करून म्हणतो, या शूर लोकांना मारू नका. अल्बेडो त्याच्यावर खवळते, हरलेल्यानं मागणं मागायचं असतं का? पण डेमिअर्ज, सेवकांतला सर्वांत चतुर, एक सोयीचं कारण पुढे करतो आणि आइन्झ मान्य करतो. "बघ मावशी, ऐकतो की नाही?"

ऐकतो. पण बाकी पुस्तकभर काय चालतं बघा.

पहिल्याच खंडात आइन्झ रात्रीच्या आकाशाखाली उभा राहून सहज म्हणतो, हे जग जिंकायलाही मजा येईल. बोलून जातो आणि विसरतो. डेमिअर्ज मात्र ते मनावर घेतो. राजा बोले, दळ हाले. कुणीतरी मान वर करून विचारलं असतं, "महाराज, खरंच म्हणताय का?" तर किती जीव वाचले असते. कुणी विचारत नाही. आणि आपल्या नावावर काय योजना शिजतेय हे आइन्झला कळतं, तेव्हा तोही म्हणत नाही की अरे, मी तसं म्हणालोच नव्हतो.

का म्हणत नाही? कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला वाटतं, हे सगळे मला सर्वज्ञ समजतात, माझ्यात ते पाणी नाही हे कळलं तर मला सोडून जातील. म्हणून तो आरशासमोर उभा राहून राजासारखं बोलायची तालीम करतो. डेमिअर्जनं काहीतरी गहन मांडलं की तो गंभीरपणे मान हलवतो, आणि मग "इतरांनाही समजावून सांग" असं म्हणून स्वतःच समजून घेतो. ही दृश्यं वाचून लोक पोट धरून हसतात. पहिल्यांदा मीही हसले होते.

मग येतात डेमिअर्जच्या 'मेंढ्या'. जादूच्या मंत्रांसाठी चर्मपत्र लागतं, ते डेमिअर्ज कुठल्याशा पशूंच्या कातड्यापासून बनवून पुरवतो. आइन्झला वाटतं असेल या जगातला कसला तरी प्राणी. मेंढ्या दोन पायांच्या आहेत. माणसं आहेत. आइन्झ विचारत नाही, कारण विचारलं तर ठाऊक नाही हे उघड होईल. माझ्यासाठी संपूर्ण मालिकेतला सर्वांत भयंकर क्षण हा आहे, ते सत्तर हजार नव्हेत. भाचा म्हणतो, कळलं असतं तरी त्यानं थांबवलं नसतं, तो आता माणूस राहिलेला नाही, त्याच्या भावना एका मर्यादेपलीकडे आपोआप विझतात. असेलही. पण लेखकानं त्याला ते कळूच दिलं नाही, मुद्दाम अंधारात ठेवलं. एक प्रश्न न विचारल्यानं काय काय चालू राहतं ते दाखवण्यासाठी, असं मी मानते.

मी अशा माणसाच्या हाताखाली चार वर्षं काम केलंय. आवाज चढवला नाही त्यांनी कधी. दिवाळीला घरी मिठाई पाठवायचे. पण कुठलीही गोष्ट समोर ठेवली की "हो, बरोबर, तुम्ही बघून घ्या". काम त्यांना कळत नव्हतं आणि कळत नाही असं ते म्हणू शकत नव्हते. शेवटी आम्ही तीन महिने चुकीच्या दिशेनं राबलो आणि कातडं सोललं गेलं ते सर्वांत ज्युनियर पोरांचं.

आणि मग मी स्वतः टीम लीड झाले. एका शुक्रवारी संध्याकाळी बॅग आवरता आवरता म्हणाले, "सोमवारी क्लायंटला हे दाखवता आलं तर बरं होईल." एवढंच. सोमवारी ते तयार होतं. दोन आठवड्यांनी चहा पिताना कुणीतरी सांगितलं, की त्यासाठी आमची एक मुलगी रविवारी भावाच्या साखरपुड्याला गेली नव्हती. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणालात ना." तिच्या आवाजात राग नव्हता. त्या रात्री मी पहिला खंड काढून तो आकाशाखालचा प्रसंग पुन्हा वाचला.

एक गोष्ट वाचकांच्या चर्चेत फारशी येत नाही. आइन्झ ऊल गाऊन हे आधी माणसाचं नाव नव्हतंच, ते खेळातल्या त्याच्या गटाचं नाव होतं. एक्केचाळीस सभासद, सगळे नोकरीधंदा करणारे, आणि निर्णय बहुमतानं. सुझुकी त्यांचा प्रमुख होता तो सगळ्यांचं ऐकून मेळ घालणारा म्हणून, आणि त्या कामात तो चांगला होता. पुढे ते चाळीस जण गेले आणि यानं गटाचं नाव स्वतःला लावलं. विरोधात हात वर करणारं कुणी उरलं नाही, उरले फक्त होयबा. तोच माणूस, तोच स्वभाव. कुणी नाही म्हणणारं राहिलं नाही, एवढाच बदल झाला, आणि देशच्या देश बेचिराख झाले. म्हणून 'आइन्झ मुळात चांगला आहे' हे भाच्याचं वाक्य मला मान्य आहे. मुळात चांगला असणं पुरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

त्या एक्केचाळिसांतला हेरोहेरो शेवटच्या रात्री थोडा वेळ भेटायला येतो. नोकरीनं पार पिचलेला, तब्येतीची वाट लागलेली, डोळे मिटत असलेला. झोपायला हवं म्हणून लवकर निघून जातो. सुझुकीला म्हणायचं असतं, आज शेवटचा दिवस आहे, थांब ना. तेही तो म्हणत नाही.

भाच्याला जूनमध्ये नोकरी लागली. परवा रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला, "मावशी, हेरोहेरो झालोय." मी लगेच फोन केला. तो अजून ऑफिसात होता, सकाळपर्यंत काहीतरी पूर्ण करून द्यायचं होतं. मी विचारलं, सकाळीच हवंय असं कोण म्हणालं?

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तसं थेट कुणी नाही म्हणालं."