आयसोट्रेटिनॉइन: भीती कशाची बाळगावी आणि कशाची नाही

मुरुमांवर दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाविषयीचा एक मजकूर कुटुंबांच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, विधाने तीच राहतात: हे मुळात कर्करोगाचे औषध आहे, अमेरिकेत त्यावर बंदी आली आहे आणि आपल्याकडे मात्र ते सर्रास विकले जाते, त्याने यकृत निकामी होते, ते घेणारी मुले नैराश्यात जाऊन जिवाचे बरेवाईट करून घेतात, मुलींना पुढे मूल होत नाही, आणि मुळात त्याची गरजच नाही, कारण मुरूम वयाबरोबर आपोआप जातात. हा मजकूर पाठवणारे बहुतेक जण काळजीपोटीच तो पाठवतात, याविषयी मला शंका नाही. परंतु या औषधाचा जो सर्वांत गंभीर आणि निर्विवाद सिद्ध झालेला धोका आहे, तो या यादीत नाही. त्याचे चुकीचे रूप तेवढे आहे, आणि म्हणूनच या मजकुराचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

बंदीचा मुद्दा लवकर संपवता येईल. रोश या कंपनीच्या ‘ॲक्युटेन’ या नावाने आयसोट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. २००९ मध्ये रोशने ते नाव अमेरिकी बाजारातून मागे घेतले. त्यामागे स्वस्त जेनेरिक औषधांची स्पर्धा आणि न्यायालयीन दाव्यांचा खर्च ही कारणे होती. सरकारने बंदी घातली नव्हती. तेच औषध इतर नावांनी अमेरिकेत आजही मिळते. २०२४ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तीव्र मुरुमांसाठी, तसेच ज्या मुरुमांमुळे व्रण पडत आहेत किंवा मोठा मानसिक त्रास होत आहे अशा मुरुमांसाठी, त्याची ठाम शिफारस आहे.

कर्करोगाच्या विधानात सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आयसोट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून बनलेले संयुग आहे. मुरुमांवरील त्याचा विलक्षण परिणाम १९७९ मध्ये प्रसिद्ध करणारे डॉ. गॅरी पेक अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतच काम करत होते. इतर उपचारांना दाद न देणारे मुरूम असलेल्या त्यांच्या १४ रुग्णांपैकी १३ जणांचे मुरूम पूर्णपणे गेले होते. लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगात हे औषध आजही वापरतात. पण तेथे त्याची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे रोज १६० मिलिग्रॅम असते, म्हणजे मध्यम बांध्याच्या प्रौढाच्या हिशेबाने दिवसाला अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास. मुरुमांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम देतात, आणि आपल्याकडे अनेक डॉक्टर दिवसाला २० मिलिग्रॅमवर किंवा त्याहून कमी मात्रेवरही उपचार करतात. शिवाय न्यूरोब्लास्टोमातही त्याचे काम पेशी मारण्याचे नसते. अपक्व चेतापेशींना पक्व व्हायला लावण्याचे असते. त्वचेत ते तैलग्रंथी आकसवते, तेल झरणे कमी करते आणि छिद्रे तुंबू देत नाही. मुरूम निर्माण करणाऱ्या जवळजवळ सर्वच कारणांवर एकाच वेळी काम करणारे दुसरे औषध आज उपलब्ध नाही. मेथोट्रेक्सेट कर्करोगात मोठ्या आणि संधिवातात अगदी लहान मात्रेत देतात, म्हणून संधिवाताच्या रुग्णावर केमोथेरपी चालू आहे असे आपण म्हणत नाही. तोच विवेक येथेही लागू होतो.

यकृताविषयी बोलायचे तर, हे औषध घेणाऱ्या काही जणांच्या रक्तात यकृताची एन्झाइम्स थोडी वाढतात. ती वाढ बहुधा सौम्य असते आणि मात्रा कमी केल्यावर किंवा औषध थांबवल्यावर उतरते. याहून अधिक वेळा वाढते ती रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी, आणि ती फार वाढली तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा दुर्मीळ धोका असतो. ज्यांचे यकृत आधीच आजारी आहे, जे नियमित मद्यपान करतात, ज्यांना स्थूलता किंवा मधुमेह आहे, त्यांच्या बाबतीत डॉक्टर अधिक सावध असतात आणि तसेच असायला हवे. उपचारापूर्वी आणि उपचारादरम्यान यकृत व चरबीच्या रक्तचाचण्या करतात त्या यासाठीच. ‘निकामी होते’ हे मात्र या चित्राचे वर्णन नव्हे. आणखी दोन गोष्टी या मजकुरात असायला हव्या होत्या, पण त्या कोणीच लिहीत नाही: या औषधाबरोबर अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, आणि मुरुमांसाठीच दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनसारखी टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके घेऊ नयेत, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. औषध चालू असताना तीव्र डोकेदुखी झाली किंवा दृष्टी धूसर झाली तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. ओठ फुटणे, डोळे कोरडे पडणे, नाकातून थोडे रक्त येणे, स्नायू दुखणे हे परिणाम नेहमीचे आहेत. ओठ तर जवळजवळ प्रत्येकाचे फुटतात. ते त्रासदायक असतात, पण औषध संपल्यावर सहसा जातात.

मनाविषयीचा मुद्दा मात्र घाईने खोडण्यासारखा नाही. औषध घेत असलेल्या तरुणांमध्ये नैराश्याच्या आणि आत्महत्येच्याही घटना नोंदवल्या गेल्या आहेत, आणि अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात त्याविषयी इशारा आहे. प्रश्न असा की या घटना औषधामुळे घडतात, की ज्या वयात आणि ज्या चेहऱ्यामुळे औषध घेण्याची वेळ येते त्या वयात त्या अधिकच घडतात. स्वीडनमधील ५,७५६ रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच वाढत असल्याचे दिसले आणि उपचार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत ते सर्वाधिक होते. म्हणजे तीव्र मुरूम असलेला तरुण डॉक्टरांकडे येतो तेव्हाच तो मनाने धोक्याच्या क्षेत्रात असू शकतो. मात्र औषधाचा काहीच वाटा नाही असेही संशोधकांनी म्हटले नाही, आणि उपचारानंतरही वर्षभर लक्ष ठेवण्याची गरज त्यांनी मांडली. त्यानंतर २०२३ मध्ये २५ अभ्यासांचे, सोळा लाखांहून अधिक लोकांचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. लोकसंख्येच्या पातळीवर औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचा किंवा मानसिक आजाराचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही, उलट उपचारानंतर दोन ते चार वर्षांनी आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण कमी दिसले.

एवढ्यावर थांबणेही मला प्रामाणिक वाटत नाही. लाखो लोकांची सरासरी एखाद्या विशिष्ट मुलाविषयी हमी देत नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२३ च्या ऑक्टोबरपासून नियम कडक केले, ते याच जाणिवेतून: अठरा वर्षांखालील रुग्णाला औषध सुरू करण्यास दोन तज्ज्ञांची संमती तेव्हा आवश्यक केली, आणि मानसिक आरोग्याची तसेच लैंगिक कार्याची विचारपूस आधी व उपचारादरम्यान बंधनकारक केली, कारण औषध थांबवल्यावरही टिकणाऱ्या लैंगिक तक्रारी काही रुग्णांनी नोंदवल्या आहेत. माझ्या मते आपल्याकडेही प्रत्येक डॉक्टरने पहिल्याच भेटीत विचारावे की झोप कशी आहे, पूर्वी नैराश्य आले होते का, घरात कोणाला असा आजार आहे का. औषध चालू असताना मूल अबोल झाले, चिडू लागले, अभ्यासातून किंवा खेळातून त्याचे मन उडाले, तर ते डॉक्टरांच्या कानावर त्याच दिवशी घालण्याची जबाबदारी घरच्यांनी घ्यावी. हे करणे शक्य आहे. त्याऐवजी ‘गोळी घेतली की मुलगा जीव देतो’ असे सांगत सुटलो, तर ज्याला खरोखर मदतीची गरज आहे तो मुलगा उपचारही टाळतो आणि मनातले बोलणेही टाळतो.

आता मूल न होण्याचा मुद्दा, ज्यात या मजकुराने सर्वांत मोठी हानी केली आहे. आयसोट्रेटिनॉइनमुळे स्त्रीला किंवा पुरुषाला कायमचे वंध्यत्व येते, असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. औषध थांबल्यावर ते काही दिवसांतच शरीराबाहेर जाते, म्हणून उपचार संपल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी असा नियम आहे. त्यानंतर होणाऱ्या बाळाला या औषधापासून धोका मानला जात नाही. सोरायसिसवरील ॲसिट्रेटिन या भावंड औषधानंतर मात्र तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते, आणि कदाचित त्या नियमाची सरमिसळ होऊन ही भीती जन्माला आली असावी.

खरा धोका औषध चालू असताना राहणाऱ्या गर्भाला आहे, आणि तो भयंकर आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला हे औषध पोटात गेले तर गर्भपाताची शक्यता वाढते, आणि जन्मणाऱ्या बाळांपैकी सुमारे २० ते ३५ टक्के बाळांत गंभीर व्यंगे आढळतात: कान नसणे किंवा अपुरे असणे, चेहऱ्याच्या हाडांची, हृदयाची, मेंदूची सदोष वाढ. बाहेरून व्यंग न दिसणाऱ्या काही मुलांतही बौद्धिक वाढ मागे पडते. यात ‘थोडीच मात्रा होती’ किंवा ‘चारच दिवस घेतली’ या सबबींना जागा नाही. म्हणूनच अमेरिकेत २००६ पासून सक्तीची नोंदणी आहे. गर्भधारणेची शक्यता असलेल्या रुग्णाला तेथे आधी दोनदा आणि मग दर महिन्याला चाचणी करावी लागते आणि गर्भनिरोधनाची दोन साधने वापरावी लागतात. आपल्याकडे अशी नोंदणी नाही. औषध शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही मैत्रिणीची जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसते नाव सांगून ते मिळवणाऱ्या मुली आहेत.

येथे आपल्या संकोचाची किंमत मोजावी लागते. अविवाहित मुलीबरोबर आई दवाखान्यात बसलेली असते, आणि मग गर्भनिरोधनाचा प्रश्न डॉक्टर चाचरत विचारतात किंवा विचारतच नाहीत. नवविवाहितेच्या बाबतीत सासरच्यांना कळू नये म्हणून गोळ्या लपवून घेतल्या जातात, आणि त्याच वेळी घरात ‘गोड बातमी’ची वाट पाहिली जात असते. लग्नात चेहरा नितळ दिसावा म्हणून साखरपुड्यानंतर औषध सुरू करणाऱ्या मुलीचा उपचार चार-सहा महिने चालणार आणि त्यानंतर एक महिना थांबावे लागणार, हा हिशेब लग्नाची तारीख धरताना कोणीतरी मांडला पाहिजे. ‘पुढे मूल होत नाही’ असे ऐकलेल्या मुलीला यातले काहीही कळत नाही. उलट, या गोळ्यांवर गर्भ राहूच शकत नाही, असा विपरीत अर्थही ती काढू शकते, आणि त्याहून घातक गैरसमज मला सुचत नाही. पुरुषांपुरते सांगायचे तर वीर्यातून जाणारी मात्रा नगण्य असते. मात्र औषध चालू असताना आणि नंतर एक महिना कोणीच रक्तदान करू नये, कारण ते रक्त गरोदर स्त्रीला दिले जाऊ शकते.

राहिला शेवटचा मुद्दा, मुरूम आपोआप जातात हा. ‘लग्न झाले की जातात’, ‘अंगात उष्णता आहे, उतरेल’ हे आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि सौम्य मुरुमांच्या बाबतीत ते वयाबरोबर कमी होतातही. अशा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेऊच नये. अडॅपलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड यांसारखी लावण्याची औषधे धीराने वापरली तर बहुधा पुरतात. लग्नाच्या फोटोंसाठी चार पुटकुळ्यांवर ही गोळी मागणाऱ्याला नकार देणारा डॉक्टर योग्यच करतो. पण गालावर आणि पाठीवर खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, तर मुरूम गेले तरी खड्डे जात नाहीत. लेझर, सूक्ष्म सुयांचे उपचार यांनी ते काही अंशी भरतात, खर्च मोठा येतो आणि त्वचा पूर्ववत होत नाही. अशा रुग्णाला वाट पाहायला सांगणे हा निर्धोक सल्ला नाही. औषधाने प्रत्येकाचे मुरूम कायमचे जातात असेही नाही. काहींना ते पुन्हा येतात आणि कधी दुसऱ्यांदा उपचार करावा लागतो.

आणि वाट पाहताना लोक स्वस्थ बसत नाहीत. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्याने भाजलेली त्वचा आपल्यासारख्या सावळ्या वर्णावर काळे डाग ठेवून जाते. दुकानातून आणलेल्या मलमात अनेकदा बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉलसारखे स्टेरॉइड असते. काही आठवडे चेहरा उजळ आणि शांत दिसतो, मग त्वचा पातळ होते, लालसर राहते, केस उगवतात आणि मलम थांबवताच मुरूम दुप्पट जोराने उसळतात. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना या बिघडलेल्या चेहऱ्यांसाठी वेगळे निदान मांडावे लागले आणि त्याविरुद्ध मोहीम चालवावी लागली. ज्या घरात आयसोट्रेटिनॉइनच्या भीतीने चिठ्ठी फाडली जाते, त्याच घरात असे मलम आरशासमोर पडलेले असेल, तर ते आधी तपासावे: नळीवरची घटकांची नावे वाचावीत, स्टेरॉइड असल्यास ते अचानक बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि त्याच भेटीत गोळीविषयीचे सगळे प्रश्न, गर्भनिरोधनाच्या प्रश्नासह, मोकळेपणाने विचारावेत.