बक्षीसपत्र केव्हाही रद्द होते, हे कोणी सांगितले?

‘ज्येष्ठांसाठी महत्त्वाचे, सर्वांना पाठवा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : फ्लॅटला नॉमिनी लावला असेल तर मृत्युपत्राची गरज नाही; नोंदणी न केलेले मृत्युपत्र बाद ठरते; त्यापेक्षा हयातीतच 200 रुपयांत मुलाच्या नावे बक्षीसपत्र करावे, आणि मुलाने सांभाळले नाही तर ज्येष्ठ नागरिक कायद्याने घर परत मिळतेच. मुलुंडला राहणाऱ्या माझ्या मावशीने हे वाचून थेट मसुदाच करून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

200 रुपयांची गोष्ट खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. महाराष्ट्रात राहते घर मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा पती-पत्नीपैकी एकाने दुसऱ्याला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क तेवढेच लागते. बाकीचा खर्च वेगळा. परंतु स्वस्तात होते म्हणून घर देऊन टाकावे, हा कोणता हिशेब?

‘परत मिळतेच’ हे वाक्य मात्र निव्वळ घातक आहे. 2007च्या कायद्याचे कलम 23 असे सांगते की, देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. सगळी मदार त्या अटीवर आहे. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022मध्ये हेच स्पष्ट केले : अशी हस्तांतरणे पुष्कळदा केवळ प्रेमापोटी, परतफेडीची अपेक्षा न ठेवता होतात, त्यामुळे सांभाळण्याची अट त्यात होतीच असे धरून चालता येत नाही, ती दाखवून द्यावी लागते. जानेवारी 2025मध्ये याच न्यायालयाने एका आईच्या बाजूने अधिक उदार निकाल दिला, पण तेथे मुलाने सांभाळण्याचे लेखी वचन दिलेले होते. आता मावशीचा मसुदा पाहा : ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, स्वखुशीने, विनामोबदला व विनाअट’. निबंधक कार्यालयाबाहेर टंकून मिळणाऱ्या या साच्यातला ‘विनाअट’ हा एकच शब्द पुढे न्यायाधिकरणासमोर तिच्याविरुद्ध वाचून दाखवला जाईल.

शिवाय मुलगा वाईटच निघावा लागतो असेही नाही. घर त्याच्या नावावर झाले की त्याच्या धंद्याच्या कर्जाला ते तारण जाऊ शकते. तो आईच्या आधी गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याची पत्नी, मुले आणि आई वारस होतात. म्हणजे जे घर तिने स्वतः घेतले, त्यात ती सुनेच्या आणि नातवंडांच्या बरोबरीची हिस्सेदार होते. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळण्याची अट आणि आमरण राहण्याचा हक्क त्यातच लिहून घ्यावा.

नॉमिनीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात नामनिर्देशनावरून घेतलेल्या व्यक्तीला वारसांची नोंद होईपर्यंतचा तात्पुरता सभासद म्हटले आहे. देखभाल शुल्काचे बिल कोणाच्या नावे काढायचे, हा सोसायटीचा प्रश्न त्याने सुटतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

राहिला नोंदणीचा मुद्दा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की साध्या कागदावरचे मृत्युपत्रही चालते, आणि मन बदलले तर केव्हाही नवे करता येते. नोंदणी केलेली बरी, डॉक्टरांचा दाखला जोडलेला त्याहून बरा. साक्षीदार मात्र आपल्याहून तरुण आणि वाटणीत हितसंबंध नसलेले घ्यावेत, कारण पुढे वाद झालाच तर सही आपल्यासमोर झाली हे न्यायालयात त्यांनाच सांगावे लागते.