देल वेक्किओच्या फॉरवर्डचं काय करायचं

चष्मे बनवणाऱ्या इटलीतल्या लक्झोटिका कंपनीचा मालक लिओनार्दो देल वेक्किओ, त्याच्यावरचा तो फॉरवर्ड परत आलाय, यावेळी फॅमिली ग्रुपवर, काकांनी हात जोडलेल्या इमोजीसकट टाकलाय. मजकूर थोडक्यात असा, की इटलीतला एक अनाथ पोरगा, शाळेची पायरी न चढलेला, त्याने एकट्याने शून्यातून रे-बॅन गॉगल शोधून काढला, आज जगातले 80 टक्के चष्मे त्याचे आणि आयुष्यात कधी मॅनेजर ठेवला नाही. माणूस भारीच होता, वादच नाही, पण यातलं एकही वाक्य धड नाहीये.

आधी ते अनाथ. लिओनार्दो देल वेक्किओ 1935 ला मिलानमध्ये जन्मला, भाजी विकणारे वडील त्याच्या जन्माआधीच वारले, पण आई होती ना! कामाला जायचं तर पोराला बघणार कोण, म्हणून सात वर्षांच्या लिओनार्दोला तिने मार्तिनित अनाथाश्रमात ठेवलं. त्या माऊलीला फॉरवर्डवाल्याने सरळ गायबच केलंय.

शिक्षणाचं म्हणाल तर 14 व्या वर्षी तो मेडल आणि ट्रॉफ्या बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला आणि तिथल्या मालकांनी त्याला मिलानच्या ब्रेरा कला अकादमीच्या संध्याकाळच्या वर्गाला पाठवलं, दिवसभर काम आणि रात्री डिझाइन, एनग्रेव्हिंग. मग हाताला डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायची कला लागली. चष्म्याची काडी आणि बिजागरी ज्या साच्यातून निघते तो साचा केसभर चुकला की काडी लटपटते, हे त्याला धंदा सुरू करायच्या आधीच कळत होतं. हेच त्याचं भांडवल, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

एकट्याने, शून्यातून? 1961 ला त्याने इटलीतल्याच आगोर्दोला लक्झोटिकाचा कारखाना टाकला कारण डोंगरातल्या त्या गावाजवळच्या खाणी बंद पडायला आल्या होत्या आणि कारखाना काढणाऱ्याला जमीन फुकट मिळत होती. शिवाय शेजारच्या कादोरेत 1878 पासून चष्मे बनत होते, म्हणजे कारागिरांची सोय आयतीच. सुरुवातीला तर तो दुसऱ्यांसाठी नुसते सुटे भाग बनवायचा, पूर्ण फ्रेम नंतर.

रे-बॅनचा शोध, हे तर हसण्यासारखंच आहे. रे-बॅन अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्बची, 1937 ची, तेव्हा हा दोन वर्षांचा होता! त्याने ती 1999 ला 64 कोटी डॉलरला विकत घेतली. माझ्या मामाचा जुना रे-बॅन एव्हिएटर गॉगल आहे, काचेच्या कडेला नखाएवढं 'बीएल' कोरलंय, म्हणजे बॉश अँड लॉम्ब, आणि माझ्या नव्याच्या काचेवर 'आरबी'. कुणाकडे जुना असेल तर उजेडात तिरका धरून बघा.

80 टक्के हा आकडा कुठल्या बाजाराचा, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही. साफिलो, मार्कोलिन, दे रिगो या इटलीतल्याच कंपन्या आहेत, गुचीचे चष्मे 2014 ला सुरू झालेल्या केरिंग आयवेअरकडे आहेत, आपल्याकडे टायटन आणि लेन्सकार्ट, हे सगळे उरलेल्या 20 मध्ये कोंबायचे का? पण दबदबा होता हेही खरं. 2001 ला त्याने सनग्लास हट ही दुकानांची साखळी घेतली, ओकली या गॉगल बनवणाऱ्या कंपनीशी वाजलं, दुकानांकडून ओकलीच्या ऑर्डरी आटल्या, आणि 2007 ला ओकलीच विकत घेऊन टाकली. त्याचं डोकं इथे होतं, कारखाना पण आपला आणि दुकान पण आपलं.

राहिला मॅनेजर. 2004 ला आंद्रेआ गुएरा सीईओ म्हणून आणला, दहा वर्षं त्याने कंपनी चालवली, मग म्हाताऱ्याशी पटेना म्हणून 2014 ला बाहेर पडला, त्याच्या जागी आणलेला माणूस काही आठवड्यांतच राजीनामा देऊन गेला, आणि ऐंशीच्या घरातले आजोबा परत खुर्चीकडे. 2022 ला ते वारले. गुएरा पुढच्याच वर्षी प्राडा या फॅशन कंपनीचा सीईओ झाला, आणि प्राडाचे चष्मे बनवतं कोण, तर लक्झोटिकाच.